हप्ते संपले, गाडी १५ वर्षांची झाली: आता ती ठेवणं स्वस्त की काढणं?

गाडीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता ज्या महिन्यात जातो, त्या महिन्यात घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सुटलो एकदाचे, आता गाडी फुकट." पुढची काही वर्षं ते बऱ्यापैकी खरंही असतं. सर्व्हिसिंग करायची, इन्शुरन्स भरायचा, पेट्रोल टाकायचं, विषय संपला.

मग एका वर्षी गॅरेजवाला सांगतो की क्लच प्लेट गेली. टायर घासलेले निघतात. आरसीवरची तारीख कुणाच्या तरी लक्षात येते आणि फॅमिली ग्रुपवर चर्चा सुरू होते. काका लिहितात, "१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते." भाऊ नव्या गाडीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट टाकतो, जीएसटी कमी झालाय, हीच वेळ आहे. आणि ज्यांची गाडी आहे ते बाबा म्हणतात, "तिला अजून पाच वर्षं काही होत नाही."

यात काका चुकलेत. भाऊ आणि बाबा यांच्यात कोण बरोबर, हे मात्र हिशोब मांडल्याशिवाय कळणार नाही.

हा वाद सध्या बऱ्याच घरांत चालू असण्याला कारण आहे. २०१०-११ हे वर्ष भारतात गाड्यांच्या विक्रीचं तेजीचं वर्ष होतं. त्या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे २५ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, आधीच्या वर्षापेक्षा जवळपास ३० टक्के जास्त. कितीतरी मध्यमवर्गीय घरांतली ती पहिली कार होती. त्या गाड्या आता १५ वर्षांच्या झाल्यात किंवा होतायत.

आधी काकांचा गैरसमज

१५ वर्षांत गाडी बाद होते, हा नियम दिल्लीचा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेल देणंच बंद करायचा प्रयत्न झाला, तो काही दिवसांतच गुंडाळावा लागला. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले आणि सगळ्यांना वाटलं, आपल्याकडेही हेच आहे.

महाराष्ट्रात खासगी कारला वयाचं असं बंधन नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेतली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते, आणि गाडी धडधाकट असेल तर पुढेही वाढत राहते. आपल्याकडे याला री-पासिंग म्हणतात.

री-पासिंगचा खर्च किती?

एप्रिल २०२२ पर्यंत कारच्या री-पासिंगची सरकारी फी ६०० रुपये होती. ती एकदम ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी वाढवली. गाडी २० वर्षांच्या पुढची असेल तर हीच फी १०,००० रुपये, दुचाकीला २,०००. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर आहे. २०१० मध्ये तो लागू झाला तेव्हा १५ वर्षांवरच्या पेट्रोल कारला पाच वर्षांसाठी ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये असा दर ठरला. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यामुळे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते, कारसाठी ७४५ रुपये आणि वर जीएसटी. (या प्लेटची मुदत २०२५ मध्ये किती वेळा वाढली, हे मोजायचं आता लोकांनी सोडून दिलंय.)

सगळं धरून साधारण नऊ हजार. एजंटमार्फत गेलात तर त्याचे वेगळे. पाच वर्षांत वाटले तर महिन्याला दीडशे रुपये. म्हणजे ज्या खर्चाची सगळ्यात जास्त चर्चा होते, तो प्रत्यक्षात सगळ्यात छोटा आहे.

मात्र तारीख चुकवू नका. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. उशीर झाला तर कारला दरमहा ५०० रुपये जादा लागतात. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याच काळात अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

आणखी एक गोष्ट नेमकी याच वेळी बाहेर येते. कर्ज फिटलं म्हणजे बँकेचं नाव आरसीवरून आपोआप गेलं, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन हा बोजा उतरवावा लागतो आणि त्या एनओसीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. दहा वर्षांपूर्वी आलेली एनओसी फाइलमध्ये तशीच पडून असेल तर आता बँकेकडून नवी आणावी लागते. मधल्या काळात बँकेचं विलीनीकरण झालं असेल, कर्ज देणारी शाखा बंद झाली असेल, तर दोन-चार चकरा नक्की. हप्ते संपलेली गाडी घरात असेल तर आज आरसी काढून बघा.

खरा खर्च गॅरेजमध्ये

नव्या गाडीचा खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेल्या आकड्यात जातो. जुन्या गाडीचं तसं नसतं. ती सहा महिने काही मागत नाही आणि मग एका आठवड्यात २५ हजार मागते. त्यामुळे तिचा खर्च आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. गंमत अशी की १२ हजारांचा हप्ता ६० महिने भरताना कुणी कुरकुर करत नाही, पण वर्षात एकदा क्लच आणि सस्पेन्शनचं मिळून २० हजारांचं बिल आलं की "ही गाडी आता परवडत नाही" असं घरात ठरून जातं.

वय झालेल्या गाडीत खर्च होतो तो बहुतेक रबर, बेअरिंग आणि घर्षणाच्या भागांवर. टायर पाच-सहा वर्षांत बदलावे लागतात, गाडी कमी चालली तरी, कारण रबर कडक होतं. बॅटरी तीन-चार वर्षं जाते. बुश, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर आपल्याकडच्या खड्ड्यांत किती टिकतात ते वेगळं सांगायला नको. मग रेडिएटरचे पाइप, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर. हे सगळं एकाच वर्षी जात नाही, पण दरवर्षी यातलं काहीतरी जातंच.

यात एक चांगली बातमी आणि एक डोकेदुखी आहे. चांगली बातमी म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांचे सगळे सुटे भाग १८ टक्के जीएसटीत आले. टायर आणि बॅटरीवर आधी २८ टक्के होता. जाहिराती फक्त नव्या गाड्यांवरच्या कपातीच्या झाल्या, पण ही कपात जुनी गाडी सांभाळणाऱ्यांनाही मिळाली आहे. बिल बघताना टक्केवारी तपासा.

डोकेदुखी आहे ई-२० पेट्रोलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०११ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की अशा गाड्यांचं ॲव्हरेज ३ ते ६ टक्क्यांनी कमी होऊ शकतं आणि काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. हे भाग स्वस्त आहेत, असंही मंत्रालयाचं म्हणणं आहे. भाग स्वस्त असला तरी मजुरी लागतेच. सोशल मीडियावर म्हणतात तसं इंजिन लगेच बाद होत नाही, पण पेट्रोलचा पाइप पाझरतोय का, हे दर सर्व्हिसिंगला बघायला सांगणं शहाणपणाचं आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

आता पाच वर्षांचा हिशोब

इथे लोक एक ठरलेली चूक करतात. "लाखाची गाडी आणि तिच्यावर ३० हजार खर्च?" ही तुलनाच चुकीची आहे. दुरुस्तीच्या बिलाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करायची नाही. ती गाडी काढून दुसरी आणली तर वर्षाला किती पडेल, त्याच्याशी करायची.

समजा पुण्यात २०११ ची १,२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक आहे. वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. आज विकली तर एक लाख येतील. पुढचे काही आकडे आपण अंदाजाने धरतोय, तुमचे आकडे घालून बघा.

जुनी ठेवली तर पाच वर्षांत कागदपत्रं आणि पीयूसीचे १० हजार. थर्ड पार्टी इन्शुरन्स १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला ४,०३१, पाच वर्षांचे २० हजार. वर्षात दोन सर्व्हिसिंग, बाहेरच्या गॅरेजात चार-चार हजार, म्हणजे ४० हजार. झीज होणाऱ्या भागांसाठी वर्षाला २० हजार बाजूला, म्हणजे एक लाख. आणि मध्येच इंजिनचं मोठं काम निघालं तर म्हणून ६० हजार. एकूण दोन लाख ३० हजार. पाच वर्षांनी गाडीला काहीच किंमत उरणार नाही असं धरून वर एक लाख. झाले तीन लाख ३० हजार.

नवी घेतली तर साडेसहा लाखांची शोरूम किंमत, त्यावर महाराष्ट्राचा ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे साडेएकाहत्तर हजार, इन्शुरन्स आणि बाकीचं धरून साधारण सात लाख ६० हजार. सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,४५५ आणि नुसतं व्याज एक लाख ४७ हजार. पुढच्या चार वर्षांचा इन्शुरन्स ६० हजार, सर्व्हिसिंग ३५ हजार. झाले दहा लाखांच्या वर. पाच वर्षांनी गाडी सव्वातीन लाखांना गेली असं धरलं, तर खर्च सुमारे पावणेसात लाख.

फरक साडेतीन लाखांचा. पण इथे थांबलो तर भावावर अन्याय होईल. जुनी गाडी शहरात साडेबाराचं ॲव्हरेज देत असेल आणि नवी १७ चं, तर ८,००० किलोमीटरला वर्षाचे १७० लिटर वाचतात. लिटरला १०४ रुपये धरले तर साधारण साडेसतरा हजार, पाच वर्षांत ८८ हजार. तो फरक वजा केला तरी जुनी गाडी दोन लाख ६० हजारांनी स्वस्त पडते. म्हणजे वर्षाला सुमारे ५० हजार. दुरुस्तीचा जो खर्च आपण आधीच धरलाय, त्याच्यावर आणखी ५० हजार दरवर्षी लागले, तेव्हा कुठे दोघी बरोबरीत येतात.

म्हणून महिन्याला निदान तीन हजार, जमल्यास चार हजार वेगळ्या खात्यात टाकत राहायचे, जणू छोटा हप्ताच आहे. मग क्लचचं बिल आलं तरी घरात भांडण होत नाही.

पण किलोमीटर वाढले की उत्तर फिरतं

हीच गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर चालत असेल, रोज पुणे-चाकण करत असेल, तर नुसत्या पेट्रोलमध्ये वर्षाला ४४ हजारांचा फरक पडतो. झीज वाढते, टायर दोन वर्षांत जातात, रस्त्यात बंद पडण्याची शक्यता वाढते. कंपनी फिटेड सीएनजीची गाडी समोर असेल तर जुन्या पेट्रोलची बाजू आणखी लंगडी. तिथे भावाचं बरोबर. रविवारी देवदर्शन, महिन्यातून एकदा गाव आणि पावसात मुलांची शाळा एवढाच वापर असेल, तर बाबांचं बरोबर.

इन्शुरन्समध्ये काय बदलतं?

दहा वर्षांवरच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा घेतला तरी दाव्यात धातूच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. प्लास्टिक आणि रबरच्या भागांची तर गाडी नवी असतानाही निम्मी कापतात. शून्य घसाऱ्याचं कव्हर इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. आणि दुरुस्ती गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. गाडीची विमा किंमत ९० हजार असेल तर समोरून बसलेला एक बऱ्यापैकी धक्का तिला संपवायला पुरेसा आहे, मग इंजिन कितीही छान असो.

म्हणून बरेच जण फक्त थर्ड पार्टी भरतात. कायद्याने तेवढं पुरतं. फक्त लक्षात ठेवा, थर्ड पार्टीमध्ये चोरी, आग आणि पूर येत नाही. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळूणमध्ये ज्यांच्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्यातल्या फक्त थर्ड पार्टी असलेल्यांना विम्यातून काहीच मिळण्यासारखं नव्हतं. नदीकाठी किंवा सखल भागात राहत असाल तर थोडे जास्त भरून पूर्ण विमा घेण्यात अर्थ आहे.

हिशोबात न बसणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे पत्रा. इंजिन दुरुस्त होतं, सडलेली चेसिस होत नाही. कोकणात, मुंबईत, समुद्राच्या हवेत राहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि खालून पोखरलेली. री-पासिंगचे पैसे भरण्याआधी एकदा रॅम्पवर चढवून गाडीचं पोट बघा. तिथे हात लावल्यावर पत्रा सुटत असेल तर वरचं सगळं गणित विसरा.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. मारुतीच्या जुन्या गाडीचा भाग तालुक्याच्या गावातही मिळतो. तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात शेवरोले विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये बाहेर पडत असल्याचं सांगितलं. अशा गाड्यांना एखाद्या सेन्सरसाठी आठवडाभर वाट बघावी लागू शकते, नाहीतर नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फेरी मारावी लागते. गाडीचं वय सारखंच असलं तरी खर्च सारखा नसतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ ला, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ ला आणि शेजारच्या सीटची जानेवारी २०२२ ला. २०११ च्या बेस मॉडेलमध्ये यातलं बहुधा काहीच नाही. गावातल्या गावात ४० च्या वेगाने फिरताना याने फार फरक पडत नाही. पण हीच गाडी घेऊन घरातले पाच जण एक्स्प्रेसवेवरून १०० ने जात असतील, तर वर्षाला वाचणारे ५० हजार कशाच्या बदल्यात वाचतायत, हे एकदा घरात बोललं पाहिजे. मला विचाराल तर अशा घराने जुनी गाडी गावापुरती ठेवावी आणि लांबच्या प्रवासाला एसटी, रेल्वे किंवा भाड्याची गाडी करावी. हप्त्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

काढायचीच ठरली तर

विकणं आणि भंगारात देणं यात आधी विकून बघा. सरकारमान्य भंगार केंद्रात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मिळावेत, असं केंद्राच्या धोरणात म्हटलंय. त्यासोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. गाडी चालू अवस्थेत असेल तर बाजारात सहसा याहून जास्त येतात. बंद पडलेली किंवा सडलेली असेल तर भंगार केंद्र बरं.

विकलीत तर पैसे हातात पडले म्हणून काम झालं समजू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच असता. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं, गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदीत आहे त्याची. त्यामुळे गाडी दिल्यानंतर महिनाभराने परिवहनच्या वेबसाइटवर आपला जुना नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का, ते बघा.